संजा, भोंडला आणि बाबांचा मारवा

(मंडळाच्या महिला शाखेच्या बैठकीत ‘माझ्या आवडीचं संगीत’ या विषयावर केलेलं भाषण)



विषय कळला तेव्हा वाटलं, सोपं आहे. आवडीची दहा गाणी काढायची, प्रत्येकीची एक आठवण सांगायची आणि चहाला उठायचं. यादी करायला बसले, तर त्यातलं एकही गाणं मी स्वतः निवडलेलं नव्हतं. कुणी घरात लावलेलं, कुणी पोळ्या करताना गुणगुणलेलं, काही शेजारच्या अंगणातून आलेली. म्हणून आज गाण्यांपेक्षा ती ज्यांच्याकडून आली त्या माणसांबद्दलच बोलते.

सुरुवात बाबांपासून. उस्ताद अमीर खाँ आपल्या इंदूरचे, याचा बाबांना इतका अभिमान, की जणू खाँसाहेब आमच्याच वाड्यात भाडेकरू होते. घरी त्यांची एक एलपी होती. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा संध्याकाळचा राग, दरबारी रात्रीचा. त्यामुळे आमच्याकडे रेकॉर्ड उलटायला रात्र व्हावी लागे! मारवा ऐन दिवेलागणीला सुरू व्हायचा, आणि नेमकं तेव्हाच आजी आम्हाला शुभंकरोतीला बसवायची. “तिन्हीसांजेला हे काय रडगाणं लावलंय,” ही तिची तक्रार. आम्हा मुलांचा प्रश्न वेगळा होता : यांचं गाणं सुरू कधी होणार? मारव्यात गाणारा षड्जावर लवकर टेकत नाही, सारखा त्याच्या आजूबाजूला फिरतो. लहानपणी ते कळायचं नाही, नुसती हुरहूर लागायची. आजही मारवा ऐकला की मला आधी समईच्या तेलाचा वास येतो, सूर नंतर येतात. फेब्रुवारी 1974 मध्ये कलकत्त्याला मोटार अपघातात खाँसाहेब गेले. त्यानंतर कित्येक दिवस ती एलपी कपाटाबाहेर आली नाही. बाबांनी कारण सांगितलं नाही, आणि आजीनेही विचारलं नाही.

बिनाका गीतमालेबद्दल मी फार बोलणार नाही. बुधवारी रात्री आठ वाजता आपण सगळेच तिथे होतो.

आईचं गाणं म्हणजे गीतरामायण. पुणे आकाशवाणीवर ते एप्रिल 1955 ते एप्रिल 1956 असं वर्षभर चाललं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, एकूण छप्पन गीतं. आईच्या हाती आधी आलं ते पुस्तक. चाली आल्या पुण्याच्या मावशीबरोबर, उन्हाळ्याच्या सुटीत. मावशीला जेवढ्या आठवत तेवढ्या ती शिकवायची, राहिलेल्या जागा आई आपल्या मनाने भरायची. पुढे खुद्द सुधीर फडक्यांची रेकॉर्ड घरात आली. आईने ती नीट मन लावून ऐकली आणि म्हणाली, “छान म्हणतात, पण इथे थोडं चुकतात.” आम्ही भावंडं हसलो. खरं सांगू? मला अजूनही तिचीच चाल बरोबर वाटते.

ही माझी आई धारची. पवारांच्या संस्थानातलं मराठी घर. लग्न होऊन इंदुरात आली ती एक नियम घेऊनच : उंबऱ्याच्या आत मराठी, हिंदी बाहेर, चपलांपाशी. पुण्याची मामी आमच्या बोलण्याला नावं ठेवायची. तुमचं मराठी हिंदीत भिजवून वाळत घातलेलं, म्हणायची. ते आईला फार लागायचं. म्हणून भोंडला आमच्याकडे अगदी साग्रसंगीत. पाटावर हत्ती, भोवती फेर, ठरलेल्या क्रमाने गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची. तिथे हिंदी शब्द आला तर फेर थांबायचा.

पण त्याआधीचा पंधरवडा मात्र आमचा असायचा. माळव्यातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या रात्रभर बघून, डोळे चोळत घरी यावं, आणि पौर्णिमेपासून संजा सुरू. मागच्या गल्लीच्या भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढायची, गुलतेवडीच्या पाकळ्या चिकटवायच्या, चंद्र-सूर्य मात्र रोज हवेतच. संध्याकाळी सगळ्या मुली जमून माळवीत गाणी म्हणायच्या. शेवटी किलाकोट, आणि अमावस्येला सगळं खरवडून पाण्यात सोडायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी घट बसायचे आणि आमचा भोंडला. म्हणजे गणपती, संजा, भोंडला असा आमचा महिना-सव्वा महिना सलग गाण्याचा. दोन्हीकडच्या गाण्यांत तीच सासू, तीच नणंद, तेच लांब राहिलेलं माहेर. फक्त एकीची सासू माळवीत बोलायची. संजाला जायला आईने कधी अडवलं नाही, पण ती स्वतः कधी आली नाही. भिंतीकडे पाठ करून गच्चीवर कपडे काढत उभी असायची.

मोठी झाल्यावर कुमार गंधर्वांना ऐकलं. देवास काही लांब नाही. बाबा नेत असत. कुमारजी मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. गाणं मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. 1948 मध्ये देवासला आले ते क्षयाने आजारी म्हणून, आणि काही वर्षं त्यांना गाताच आलं नाही. पडल्या पडल्या कानावर काय यायचं, तर रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी. पुढे त्यांनी ती गोळा केली, लोकधुनांतून राग उभे केले. आणि याच माणसाने ‘मला उमजलेले बालगंधर्व’ही केलं. ऐकताना मला कुठेही सांधा दिसला नाही. लताबाईंवरचा त्यांचा लेख आपल्या नातवंडांना अकरावीच्या हिंदीच्या पुस्तकात होता. आजारी असताना रेडिओवर एक अनोळखी आवाज कानी पडला, गाणं संपल्यावर नाव कळलं, आणि दीनानाथांचंच गाणं मुलीच्या गळ्यातून आल्यासारखं वाटलं, असं त्यांनी त्यात लिहिलंय. सामान्य माणसाचा कान लताबाईंनी घडवला, असंही ते म्हणतात. मोठ्या शास्त्रीय गायकाने सिनेमातल्या गाण्याबद्दल इतक्या मोकळ्या मनाने लिहावं, हे मला आजही मोठं वाटतं. लताबाई जन्मल्या इंदुरातच, हे इथे सांगायला नकोच. सांगितलं नाही तर मात्र तुम्ही मला खाली उतरू देणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

शेवटच्या वर्षात आईची ओळख गेली. मला ती ‘बाई’ म्हणायची, अहो-जाहो करायची. कुणीतरी सुचवलं, जुनी गाणी लावा. मी गीतरामायण लावलं. तिने ऐकलं, पण पाहुण्यांचं ऐकावं तसं. भोंडल्याची गाणी मी स्वतः म्हणून पाहिली. ती नुसतं हसायची. मग भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मी शेजारच्या खोलीत असताना ती गायला लागली. स्पष्ट, न अडखळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणं संजाचं होतं, माळवीतलं. पलंगाशेजारच्या भिंतीवर तिची बोटं गोल गोल फिरत होती.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. धारला लहानपणी ती संजा खेळली असणार, आणि आयुष्यभर एका शब्दाने बोलली नव्हती. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. थोडा रागच आला. आम्हाला चपलांपाशी भाषा काढून ठेवायला लावलीस, आणि तुझ्याकडे शेवटी उरलं ते हे? दुसऱ्या दिवशी बागेतून गुलतेवडीची फुलं आणून तिच्या उशाशी ठेवली. तिने एकेक पाकळी सुटी केली आणि मला म्हणाली, “बाई, चाँद तुम्ही करा.” ते वाक्य मराठी होतं.

गेल्या महिन्यात आपल्या सभेत सूचना आली, की उत्सवाच्या संध्याकाळी फक्त मराठी गाणी ठेवावीत. सूचना करणाऱ्यांची कळकळ मला कळते. नातवंडं आरत्यासुद्धा रोमन लिपीत वाचतात. आईनेही हाताच वर केला असता. मी मात्र विरोधात मत दिलं, आणि का दिलं हे तेव्हा दोन मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून आज सांगितलं.

आता एक काम. संजाची आणि भोंडल्याची गाणी मी एका वहीत उतरवते आहे. आईचं ते गाणं अर्धंच लिहून झालं आहे, मधली दोन कडवी मिळत नाहीत. धार-देवासकडच्या कुणाला येत असतील तर गुरुवारी दुपारी चारला घरी या. पोहे करते.