श्वासाचा वॉर्म-अप केला की वजन वाढतं का?

टेंभुर्णीतून मी बोलतोय. आजचा विषय आहे दम. तालमीत वस्ताद ‘दम धर’ म्हणतात ना, तोच.

30 जुलै 2022, बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ स्पर्धा. सांगलीचा संकेत सरगर, 55 किलो गट. स्नॅच 113, क्लीन अँड जर्क 135, एकूण 248 किलो. मलेशियाच्या अनिक कसदानचे झाले 249. एका किलोनं सोनं हुकलं. संकेतच्या कोपराला दुखापत झाली होती, श्वासाचा तिथं संबंध नव्हता. पण एका किलोची किंमत काय असते ते कळलं. म्हणूनच रीलमध्ये कुणी ‘हे श्वासाचं यंत्र वापरा, वजन वाढेल’ म्हणालं की आपण लगेच कान टवकारतो.

हे यंत्र म्हणजे तोंडात धरायची नळी. आत स्प्रिंगची झडप असते, त्यामुळं श्वास ओढायला जोर लागतो. तुमच्या कमाल जोराच्या 40 टक्के ताण लावून 30 श्वास, असे दोन सेट, ही त्याची नेहमीची पद्धत. 2001 साली रोईंगच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फायदा दिसला. पण तिथं सहा मिनिटं जीव तोडून वल्हवायचं होतं. आपली एक लिफ्ट काही सेकंदांत संपते. तेवढ्यात श्वासाचे स्नायू थकतच नाहीत.

मग श्वासाचं काम काय? पोट म्हणजे एक डबा समजा. वर श्वासपटलाचं झाकण, खाली ओटीपोटाचे स्नायू, भोवती पोट आणि पाठ. श्वास भरून सगळं आवळलं की आत दाब तयार होतो आणि कणा ताठ राहतो. ते जमण्यासाठी यंत्र लागत नाही. उताणं झोपा, पोटावर हात ठेवा, नाकानं दहा संथ श्वास घ्या. मग रिकाम्या बारवर तोच श्वास भरून पोट आवळायचा सराव करा.

आता महत्त्वाचं ऐका. 1985 साली कॅनडात बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला गेला. जड लेग प्रेस करताना सरासरी 320 वर 250 निघाला! निरोगी पोरांचा, क्षणभरासाठी. म्हणून ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास कोंडून जड वजन उचलायचं नाही. बाकीच्यांनीही एकाच श्वासात चार-पाच रेप्स मारू नका. प्रत्येक रेपला नवा श्वास घ्या. आणि लिफ्टच्या आधी भात्यासारखे भराभर श्वास तर अजिबात नकोत. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडं जाणारं रक्त कमी होतं. वर श्वास कोंडला की डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि तेव्हा बार मानेवर असतो.

यंत्र घ्यायचंच असेल तर आधी एक महिना फुकटातला सराव करून बघा. वहीत आकडे लिहा. फरक पडला का, ते वहीच सांगेल.

भेटू पुढच्या भागात. तब्येत सांभाळा!