विनोद जमतो कसा?



विनोदावर व्याख्यान देणारा मनुष्य उभा राहतो तोच अडचणीत. त्याने हसविले नाही, तर श्रोते म्हणतात, याला विनोदातले काही कळत नाही. आणि हसविले, तर म्हणतात, करमणूक झाली खरी, पण सांगितले काय? आम्ही यातून एक मार्ग काढला आहे. आज एकच विनोद सांगावयाचा आणि तो आतून उसवून त्याची शिवण आपणांस दाखवावयाची.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम चालला आहे. वरपिते विचारतात, "स्वयंपाक येतो का?" "येतो." "शिवण येतं?" "येतं." "गाणं येतं?" "थोडं थोडं येतं." कोपऱ्यात बसलेली मुलीची आजी विचारते, "आणि मुलाला हो काय येतं?" वरपिते क्षणभर विचार करून म्हणतात, "त्याला राग येतो."

आता हाच विनोद आमच्यापैकी पुष्कळजण कसा सांगतात पाहा. "एक मुलगा होता, काही न शिकलेला आणि भारी रागीट. त्याचे वडील मुलगी पाहायला गेले. गंमत अशी झाली, की..." संपले! 'रागीट' हा शब्द आरंभीच खर्ची पडला. आता पेटीत उरले काय? शिवाय 'गंमत' हा शब्द उच्चारल्याबरोबर श्रोता सावध होऊन बसतो, आणि सावध मनुष्य सहसा हसत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली म्हटले, की ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर आली की हसू फुटते. आपल्या विनोदात ही अपेक्षा कोणी ताणली? 'येतो', 'येतं', 'येतं' या तीन शब्दांनी. पहिल्या प्रश्नाने रूळ पडला, दुसऱ्याने तो पक्का झाला, तिसऱ्याने गाडी भरधाव सुटली. एकाच प्रश्नावर आजी बोलली असती, तर रूळ पडलाच नसता. सात प्रश्न झाले असते, तर श्रोता गाडीतच झोपी गेला असता. आणि 'गाणं' शेवटी ठेवले ते उगीच नव्हे. गाण्यापाठोपाठ 'राग' आला, म्हणून कानाला तो आधी सुराचा वाटतो आणि मग कपाळावरच्या आठ्यांचा होतो. हाच विनोद 'गाणं' आधी आणि 'शिवण' शेवटी ठेवून घरी सांगून पाहा. निम्मे हसू वाटेतच सांडेल.

यातून पहिला नियम निघतो. अनपेक्षित शब्द होईल तितका शेवटी ठेवावा. आपल्या भाषेची यात मोठी मदत आहे. मराठी वाक्याचे क्रियापद बहुधा अखेरीस येते, त्यामुळे वाक्य कोठे वळणार ते शेवटपर्यंत झाकून ठेवता येते. "त्याला राग येतो, असे वरपिते म्हणाले" असे सांगणाऱ्याने ही मदत हातची घालविली.

दुसरा नियम काटकसरीचा. वरपित्यांचा कोट, दिवाणखान्यातील सतरंजी, पोह्यांवरचे खोबरे यांचे या विनोदात काही काम नाही. जे उडीला उपयोगी ते ठेवावे, बाकीचे काढावे.

तिसरा नियम गप्प बसण्याचा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले. मनुष्य स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवितो ते परस्थ. विनोद सांगणाऱ्याने परस्थ पत्करावे. जो स्वतःच आधी हसतो आणि वर "कळलं ना?" असे विचारतो, तो श्रोत्याच्या ताटातला घास उचलून स्वतः खातो. कारण विनोदातली उडी श्रोत्याने स्वतः मारावयाची असते. त्याच्या हसण्यात निम्मा आनंद 'मला उमगले' याचा असतो.

आता चौथी गोष्ट; आणि खरे म्हणजे तिच्यासाठीच आम्ही हा विनोद निवडला. त्याच बैठकीत दुसराही विनोद होऊ शकतो. वरपिते मुलीच्या रंगावर कोटी करतात. खोली हसते. मुलगीही हसते, कारण हसण्यावाचून दुसरे काही करण्याची तिला मुभाच नसते.

हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ साली लिहून ठेवले, की दुसऱ्याचे व्यंग पाहून एकाएकी मोठेपणा वाटतो, त्यातून हसू येते. आणि अशा हसण्याकडे ओढा त्यांचाच अधिक, ज्यांना स्वतःत गुण फार थोडे सापडतात. हा झाला नीतीचा मुद्दा. पण कारागिरीच्या दृष्टीनेही तो विनोद पांगळाच. फ्रेंच विचारवंत बर्गसाँ याने १९०० साली दाखविले, की हसताना हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. खाली मान घातलेल्या मुलीकडे पाहून कोणाचे तरी हृदय जागे होतेच. ज्याच्या घरी मुलगी आहे, त्याचे तर आधी. मग उडी अर्ध्यावर थांबते. आजीच्या प्रश्नात ही अडचण नाही. तेथे परीक्षकच परीक्षेला बसला, त्याची कीव कोणाला येणार?

आपल्या विनोदाची परंपरा याच वाटेने गेली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) व्यवसायाने वकील; पण 'सुदाम्याचे पोहे' वाटताना त्यांनी समाजातल्या रूढींनाच पिंजऱ्यात उभे केले. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी दुसरी युक्ती काढली. त्यांचे चिमणराव आपलीच फजिती आपल्या तोंडाने सांगतात. तेथे दुखावणारा कोणी उरतच नाही. बलवंतावर हसा किंवा स्वतःवर हसा. या दोन्ही ठिकाणी श्रोता मोकळ्या मनाने आपल्याबरोबर येतो.

हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ साली झाला; मुलीपुढे ठेवलेल्या प्रश्नपत्रिकेला मात्र कायद्याची बंदी नाही. ती बंद करावयाची, तर कोपऱ्यातल्या कोणीतरी तोंड उघडले पाहिजे. भाषण केले, तर बैठक मोडेल आणि दोष मुलीच्या पदरात पडेल. तोच प्रश्न हसत विचारला, तर उत्तर देणाऱ्यालाच आपला चेहरा दिसतो. दुबळ्याच्या हातात असलेले हे एकच हत्यार असे आहे, की ज्याच्यावर चालवावे त्यालाही कित्येकदा हसत हसत ते मान्य करावे लागते. ते दुबळ्यावरच चालवून आपण बोथट करू नये, एवढीच विनंती.

आता आमचाच तिसरा नियम आम्हांला लागू होतो. आम्ही गप्प बसतो.