गोळी सोडू नका, साखर तपासा



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. आज बोलणार आहे ते अशा दुखण्यावर, की ज्याचे नाव घरात कोणी मोठ्याने घेत नाही. ते म्हणजे एच. आय. व्ही.

आपल्या सातारा-सांगलीकडील कितीतरी कर्ती माणसे पोटासाठी मुंबईला गेली, ट्रकवर गेली. त्यांतल्या काही घरांत हे दुखणे शिरले, आणि मागे बायका राहिल्या. २००४ साली सरकारने मोफत औषध सुरू केले, तेव्हापासून ही माणसे जगू लागली.

माझ्या नात्यातील एक बाई सतरा-अठरा वर्षे हे औषध घेते. तिच्याबरोबर मी दवाखान्यात जाते; तेथे जे समजले तेच सांगते. पूर्वी स्टॅव्ह्युडीन नावाचे औषध असे. त्याने तिचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले. ते औषध आता बंद झाले आहे. हल्लीच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर असते. औषध गुणाचे, पण काहींचे वजन वाढते, काहींची साखर चढते. हिचेही तसेच झाले. शेजारणी म्हणाल्या, "सुखावलीस ग!" हिला वाटले, गोळीच सोडावी.

भगिनींनो, हे मात्र करू नये. गोळी सोडली की विषाणू पुन्हा उठतो, आणि तो हृदयालाही अपाय करतो. घर गळते म्हणून कोणी घर मोडीत नाही, शाकारून घेतात. उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल व रक्तदाब डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावा. फार तहान लागली, वरचेवर लघवीस जावे लागले, तर थांबू नये. चहातली साखर व कंदी पेढे बेताने. शाळूची भाकरी, उसळ, पालेभाजी असावी आणि रोज चालावे.

आणखी एक. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घ्यावी लागली, तर त्या डॉक्टरांना ही गोळी सांगावीच. हिच्यामुळे मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून मात्रा बेताने ठरवावी लागते. लोकलाजेने डॉक्टरांपासून लपविणे जिवावर बेतेल.

आणि ती लाज आपणच घालतो ना? २०१७ च्या कायद्याने अशा माणसाशी भेदभाव करण्यास मनाई आहे. पण हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या अंगाकडे पाहून आपण काय बोलतो, ते कायदा कोठे ऐकतो? ते आपणच आवरावयाचे. अशा बहिणीला तपासणीला जाताना सोबत करावी, एवढे मंडळाने मनावर घ्यावे.