कमरेचे पिस्तूल आणि त्याचे म्यान



एका शाळामास्तराने पिस्तुलावर बोलावे याचे आपणांस थोडे आश्चर्य वाटेल. माझ्या कोटाच्या खिशात आजवर खडूच्या तुकड्यापेक्षा अधिक घातक वस्तू राहिलेली नाही. तथापि काही महिन्यांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले आणि या विषयात लक्ष घालणे मला भाग पडले. हा विद्यार्थी अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झाला असून आता तेथलाच नागरिक आहे. रात्रपाळी आटोपून दूरच्या निर्जन रस्त्याने एकट्याने घरी यावे लागते, म्हणून त्याने कायदेशीर रीतीने एक पिस्तूल विकत घेतले. ते आकाराने मोठे होते. मोटारीत बसताच ते बरगडीत रुते, म्हणून बहुधा घरीच राही. मग त्याने दुसरे, लहानसे घेतले. पत्राच्या शेवटी त्याने मोठ्या समाधानाने लिहिले होते, "सर, आता इतके सोयीचे झाले आहे की, ते जवळ आहे याची आठवणसुद्धा राहत नाही."

घरात तीन वर्षांचे मूल असलेल्या माणसाच्या या वाक्याने मी अस्वस्थ झालो. त्याला मी जे उत्तर लिहिले, तेच आज आपल्यापुढे थोड्या विस्ताराने मांडणार आहे.

अंगावर लपवून शस्त्र बाळगणे ही कल्पना मराठी माणसास नवी नाही. काठीच्या पोटात पाते दडविलेली गुप्ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस चांगली परिचित होती. आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले, हे आपल्याकडे लहान मुलासही सांगावे लागत नाही. परंतु तो एका घडीचा प्रसंग होता. रोज सकाळी चष्मा आणि रुमाल यांच्याबरोबर पिस्तूल अंगावर चढवावयाचे आणि रात्री उतरवून ठेवावयाचे, ही रीत मुख्यत्वेकरून अमेरिकेची.

तेथेही ती पूर्वी सर्वमान्य नव्हती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी 1813 सालीच लपविलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले होते. उघडपणे शस्त्र लावणारा मनुष्य सरळ आणि लपविणारा कपटी, असा त्या काळचा समज होता. न्यूयॉर्क राज्याने 1911 मध्ये परवान्याची सक्ती केली. पुढे 1987 साली फ्लॉरिडा राज्याने असा कायदा केला की, ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना नाकारता येणार नाही. आणि एकामागून एक राज्ये त्याच वाटेने गेली. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची, विशेष गरज सिद्ध करून दाखविण्याची अट रद्द ठरविली. 2024 पर्यंत 29 राज्यांनी पात्र नागरिकास परवान्याशिवायही शस्त्र लपवून बाळगण्याची मोकळीक दिली होती. टेक्सासने ती 2021 मध्ये दिली. ही मोकळीक असावी की नसावी, हा त्या देशाचा मोठा वाद आहे आणि आज मी त्यात शिरत नाही. परंतु त्यामुळे तेथील सामान्य गृहस्थापुढे एक शिंप्याच्या दुकानातला वाटावा असा प्रश्न उभा राहिला आहे. तो म्हणजे, पिस्तूल कोणते घ्यावे आणि ते अंगावर कोठे, कशात ठेवावे?

प्रथम पिस्तुलाचा विचार करू. खिशात मावणारे पिस्तूल ही जुनी वस्तू आहे. फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांनी बनविलेले तसले एक चिमुकले पिस्तूल 14 एप्रिल 1865 रोजी एका नटाने नाट्यगृहात नेले आणि अब्राहम लिंकनचा घात केला. 1927 साली कोल्ट कंपनीने दोन इंची नळीचे सहा बारी रिव्हॉल्व्हर काढले. 1950 मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचे, साधारण 550 ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले आणि साध्या वेषातील पोलिसांचे ते अनेक वर्षे आवडते राहिले. 2018 साली बाजारात आलेल्या सिग कंपनीच्या एका पिस्तुलात तर दहा गोळ्यांचा साठा असून रिकामे वजन सुमारे 500 ग्रॅमच आहे. याउलट 1911 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल रिकामेच 1100 ग्रॅम भरते.

मग लहान आणि हलके घ्यावे, हे उघडच नव्हे काय? येथेच पहिली गफलत होते. जे पिस्तूल कमरेला सुखावह असते, ते हाताला तसे असतेच असे नाही. बार उडाला की मागे बसणारा धक्का जड शस्त्र स्वतः सोसते. हलके शस्त्र तो सारा हातावर टाकते. अवघ्या 270 ग्रॅमच्या आसपास वजनाची पिस्तुले आज मिळतात; परंतु त्यांची मूठ इतकी आखूड असते की करंगळीस जागा राहत नाही. पाच-दहा बार काढले की तळहात दुखू लागतो. साहजिकच मनुष्य सराव टाळतो आणि सराव नसलेल्या हातातील पिस्तूल रस्त्यावरील निरपराध माणसांना अधिक धोक्याचे. म्हणून जाणते लोक सांगतात की, दुकानात नुसते हातात धरून पाहू नये. शक्य तर मैदानावर झाडून पाहावे आणि आपल्याला नेमाने सराव करवेल असे शस्त्र निवडावे.

आणखी एक गोष्ट नवख्यास ठाऊक नसते. कपड्याखाली लपविण्यास अवघड जाते ती नळी नव्हे, तर मूठ. नळी विजारीच्या आत खाली सरळ उतरते. मूठ मात्र आडवी राहून सदऱ्याला कोपर काढते. म्हणून थोडी लांब नळी चालते, किंबहुना बसताना तोल सांभाळण्यास ती उपयोगीही पडते; मुठीची लांबी आणि एकंदर जाडी यांवर मात्र नजर ठेवावी लागते.

आता म्यानाकडे वळू. इंग्रजीत त्यास होल्स्टर म्हणतात. पिस्तुलावर हजारो रुपये खर्च करणारा मनुष्य होल्स्टर मात्र दुकानदार देईल ते घेतो. ही चूक किती सहज होते, त्याची एक गमतीची गोष्ट आहे. इयान फ्लेमिंग यांनी 1953 साली जेम्स बाँड हा गुप्तहेर निर्माण केला आणि त्याच्या काखेत मऊ कातड्याच्या म्यानात एक छोटे बेरेटा पिस्तूल दिले. 1956 मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या जाणकाराने त्यांना पत्र लिहून सांगितले की, हे पिस्तूल अशा माणसास शोभत नाही आणि ते म्यानही कामाचे नाही. त्याने एक झाकलेल्या घोड्याचे हलके रिव्हॉल्व्हर आणि त्यास साजेसे बर्न्स-मार्टिन बनावटीचे होल्स्टर सुचविले. फ्लेमिंग यांनी सल्ला मानला. 1958 च्या 'डॉक्टर नो' या कादंबरीत पत्रलेखकाचे आडनावच शस्त्रागाराच्या अधिकाऱ्यास दिले आणि बाँडला वाल्थर पिस्तूल मिळाले. परंतु होल्स्टर त्यांनी तेच, बर्न्स-मार्टिनचे, ठेवले. ते होते रिव्हॉल्व्हरसाठी! एवढ्या नामांकित लेखकाने जोडी चुकविली, तेथे आपल्या शेजाऱ्याची काय कथा? शस्त्र आणि म्यान ही एकमेकांच्या मापाची जोडी आहे. दुसऱ्याच्या मापाचा जोडा पायात घालून मनुष्य फार तर लंगडेल. येथे परिणाम अधिक गंभीर होतो.

होल्स्टरची कामे तीन. पहिले, चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्णपणे झाकणे, म्हणजे बोट, किल्ली, सदऱ्याचे टोक यांपैकी काहीही आत शिरता कामा नये. दुसरे, धावताना, वाकताना, पडतानाही पिस्तूल घट्ट धरून ठेवणे. तिसरे, प्रसंगी हाताला पुरी मूठ एकदम मिळू देणे. या तिहींनंतर चौथी गोष्ट सोय. ती पहिल्या तिहींच्या बदल्यात घ्यावयाची नाही.

सोय साधण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. कोट घालणाऱ्याने उजव्या नितंबाच्या किंचित मागे, पट्ट्याच्या बाहेर होल्स्टर लावावे. नुसता सदरा घालणाऱ्याने विजारीच्या आत. आत लावावयाचे तर विजार कमरेत एक-दोन इंच सैल हवी. पोटासमोर लावल्यास हात लवकर पोहोचतो. परंतु सुटलेल्या पोटाच्या मनुष्यास बसताना ते बोचते आणि नळीचे तोंड स्वतःच्याच मांडीकडे राहते, म्हणून तेथे दुप्पट सावधगिरी हवी. दिवसभर मोटार हाकणाऱ्यास कमरेमागचे शस्त्र आसनात अडकते. आणि या सर्वांहून महत्त्वाचा तो साधा कमरपट्टा! पट्टा मऊ असला की वजनाने होल्स्टर लोंबते, फिरते आणि मनुष्य दिवसभर विजार सावरीत राहतो. जाड, ताठ पट्टा घेतला की निम्मी तक्रार मिटते. चामड्याचे होल्स्टर अंगास मऊ लागते. परंतु जुने होऊन त्याचे तोंड दुमडू लागले की दुमडलेली कडच चापावर दाब देऊ शकते. असे होल्स्टर तत्काळ टाकून द्यावे. कायडेक्स नावाच्या कठीण प्लॅस्टिकचे होल्स्टर आकार बदलत नाही; पण अंगास कडक लागते. कोणतेही घेतले तरी प्रथम काही दिवस रिकाम्या पिस्तुलासह घरात वावरून पाहावे. आणि ध्यानात ठेवावे की, पिस्तूल काढण्यापेक्षा परत ठेवण्याचा क्षण अनेकदा अधिक धोक्याचा असतो. त्या वेळी घाई कसलीच नसते. नजर टाकून, सदरा बाजूस सारून, सावकाश ठेवावे.

हे सारे बाजूस सारले तर काय होते? प्लॅक्सिको बरेस हे अमेरिकन फुटबॉलमधील प्रसिद्ध खेळाडू. 2008 च्या फेब्रुवारीत त्यांच्या संघाने देशाचे विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबात गेले, तेव्हा भरलेले पिस्तूल त्यांनी होल्स्टरशिवाय, सैल विजारीच्या कमरेत नुसते खोवले होते. ते पायावरून घसरू लागले. सावरण्यास हात गेला, बार उडाला आणि गोळी त्यांच्याच मांडीत शिरली. त्या राज्याचा परवाना त्यांच्याजवळ नव्हता. त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ऐन उमेदीचे हंगाम तुरुंगात गेले. थोड्या पैशांचे होल्स्टर असते, तर तो बार उडाला नसता.

दुसरी घटना सांगताना मन जड होते. 2014 च्या डिसेंबरात आयडाहो राज्यात एक तरुण आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन बाजारहाटास गेली होती. तिच्याजवळ पिस्तुलासाठी मुद्दाम वेगळा कप्पा केलेली पर्स होती. कप्प्याला चेनही होती. दुकानातील ढकलगाडीत बाळ बसले होते आणि पर्स त्याच्या हाताशी होती. आईचे लक्ष क्षणभर वस्तूंकडे गेले. बाळाने चेन उघडली. ती आई जागीच गेली. ती बेपर्वा नव्हती; परवाना तिच्याजवळ होता आणि पिस्तूल हाताळण्याची तिला सवय होती. परंतु पर्स हे अंगावरचे वस्त्र नव्हे. ती खाली ठेवली जाते, दुसऱ्याच्या हाती पडते आणि तिच्यातील वस्तूचा विसर पडतो.

आपल्याकडेही हा विचार अप्रस्तुत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे भारतात परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकासही दोनच शस्त्रांची मर्यादा आहे. तरीही 2014 च्या आरंभी कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे, साधारण 500 ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीच्या 2012 मधील दुर्दैवी मुलीची आठवण त्या नावामागे होती आणि स्त्रियांच्या पर्समध्ये सहज मावते, ही त्याची वाखाणणी झाली. योगायोग असा की, आयडाहोची घटना त्याच वर्षाअखेरची आहे. पर्समध्ये मावणे हा एक गुण खरा; परंतु तेवढ्यावर निवड करू नये, हे त्या आईच्या मरणाने शिकविले आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच लिहिले: बाबा, तुझ्या देशाचा कायदा तुला हे शस्त्र देतो आणि तुझी भीतीही खोटी नाही. तू सोय शोधलीस यातही चूक नाही. टोचणारे पिस्तूल मनुष्य कोठेतरी काढून ठेवतो आणि त्या 'कोठेतरी'मध्येच घात असतो. ताठ पट्टा घे, मापाचे होल्स्टर घे, बरगडीतले टोचणे संपव. परंतु ते जवळ आहे हे विसरावयास लावील, अशी सोय मागू नकोस. त्याला जागा दोनच: अंगावर होल्स्टरमध्ये, किंवा घरी कुलुपात. उशीखाली नाही, मोटारीच्या कप्प्यात नाही, खुंटीवरच्या कोटातही नाही.

पंधरा दिवसांनी त्याचे उत्तर आले. त्याने कुलपाची लोखंडी पेटी आणली होती. पिस्तूल आतापर्यंत कोठे राहत होते, हे त्याने लिहिले नव्हते. मीही विचारले नाही.