दोन प्रकरणे, एकच प्रकाश

विद्यापीठातील विद्यार्थी विद्युत्-चुंबकत्व व प्रकाशशास्त्र ही दोन निराळी प्रकरणे समजून पाठ करतो आणि त्यांतील नात्याला मुकतो. १८५६ साली वेबर व कोलराउश यांनी विद्युत् आणि चुंबकीय एककांचे गुणोत्तर मोजले. त्या प्रयोगात प्रकाशाचा एक किरणही वापरला नव्हता. त्याच आकड्यावरून १८६२ साली मॅक्सवेलने आपल्या लहरींचा वेग काढला : सेकंदास सुमारे ३ लाख ११ हजार किलोमीटर. फिझोने १८४९ साली दातेरी चाकाने मोजलेला प्रकाशाचा वेगही जवळपास तेवढाच होता! प्रकाश विद्युत्-चुंबकीय लहरच असला पाहिजे, हे मॅक्सवेलने ओळखले. विद्यार्थ्याने निर्वात अवकाशाच्या विद्युत् व चुंबकीय स्थिरांकांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याने एकास भागावे. पाठांतराने जे कळले नाही, ते त्या उत्तरात उजळेल.