स्वमग्न बालक आणि घराबाहेरचे जग
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सहलींचा हंगाम जवळ आला आहे. शाळाशाळांतून मुलांच्या याद्या तयार होत आहेत. अशा वेळी एखाद्या मुलाच्या पालकांना 'याला या खेपेस घरीच ठेवा' असे तोंडी सांगितले जाते. कागदावर त्याची नोंद कोठेही नसते. आज मला बोलावयाचे आहे ते त्या मुलाविषयी, विशेषतः पाच-सात वर्षांच्या स्वमग्न बालकाविषयी.

स्वमग्न हा शब्दच थोडा फसवा आहे. मूल स्वतःत मग्न असल्यामुळे त्यास बाहेरचे जग जाणवत नाही, असा समज त्यावरून होतो. वस्तुस्थिती पुष्कळदा नेमकी उलट असते. आठवड्याच्या बाजारात आपला कान सारा गोंगाट बाजूस सारून शेजाऱ्याचे बोलणे तेवढे निवडून घेतो. या बालकास ती निवड फार कठीण जाते. ध्वनिक्षेपक, भज्यांच्या कढईचा वास, ताडपत्रीच्या फटीतून डोळ्यांवर येणारे ऊन, अंगाला घासून जाणारी माणसे, ही सर्व त्याच्यावर एकदमच आदळतात. मग ते कान झाकते, किंचाळते, जमिनीवर अंग टाकते. पाहणारे म्हणतात, 'लाडावून ठेवले आहे.'

हट्ट आणि हा कोंडमारा यांतील भेद शिक्षकास ओळखता आलाच पाहिजे. हट्टी मूल मधूनमधून आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि मागितलेली वस्तू हाती पडली की बहुधा थांबते. कोंडमारा झालेल्या मुलास खाऊ देऊन किंवा दटावून उपयोग होत नाही. गोंगाटापासून दूर नेल्यावर, तेही काही वेळाने, ते शांत होते. काही मुलांना याउलट संवेदना कमी जाणवतात. ती गरगर फिरतात, यात्रेतील पाळण्यातून उतरावयास तयार नसतात, चटका बसला तरी रडत नाहीत. एकाच मुलाच्या ठायी दोन्ही प्रकार आढळतात, त्यामुळे घरचे लोकही गोंधळून जातात.

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचे वर्णन करून या अवस्थेकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. पुढे काही काळ तेथील विद्वान आईच्या थंड वागण्याला दोष देत राहिले. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने 1964 च्या आपल्या ग्रंथात त्या मताचे खंडन केले आणि आज ते मत शास्त्रात उरलेले नाही. आपल्या गावांच्या पारांवर मात्र ते अजून जिवंत आहे! चारचौघांत होणाऱ्या या बोलण्यामुळे आई मुलास बाहेर नेणे हळूहळू सोडून देते. मग मुलाचा सराव तुटतो, आणि सराव तुटल्यामुळे पुढचा प्रसंग अधिकच अवघड जातो.

म्हणून माझे सांगणे असे की, बाहेर जाणे हा या बालकाचा पाठ समजावा आणि इतर पाठांप्रमाणेच त्याचे टप्पे पाडावेत. एका वस्तीवरील शाळेच्या बाईंनी हे फार चांगले केले. त्यांचा विद्यार्थी एस. टी.च्या आवाजाला भीत असे. प्रथम त्या आणि मुलाची आई त्याला गाडी नसलेल्या वेळी थांब्यावर नेऊन दहा मिनिटे बसवीत. नंतर उभी असलेली गाडी दुरून दाखविली. मग एके दिवशी गाडीत चढून पुढच्याच थांब्यावर उतरले. जवळ एक चित्रपट्टी असे: घर, थांबा, गाडी, केळी, पुन्हा घर. 'नंतर काय' हे डोळ्यांना दिसू लागले की या मुलांची निम्मी धास्ती कमी होते. राज्याची पहिली एस. टी. 1 जून 1948 रोजी पुण्याहून आपल्या नगरलाच आली होती. त्या गाडीत या मुलाचीही जागा आहे, असे मला वाटते.

वेळ निवडणे हे तर अर्धे काम आहे. बाजार दुपारी फुलतो. मुलास सकाळी, दुकाने मांडली जात असताना न्यावे. मोहटादेवीचे दर्शन नवरात्रातच घेतले पाहिजे असे नाही. देवी एरवीही तेथेच असते. मढीच्या यात्रेपेक्षा डोंगरगणची झाडी किंवा रेहेकुरीचे काळवीट पाहणे आरंभी सोयीचे. कान झाकणारे हेडफोन, उन्हाची टोपी, हातात धरण्याची आवडती वस्तू आणि ओळखीचे खाणे बरोबर असावे. पोचल्याबरोबर निवांत कोपरा पाहून ठेवावा. मूल अस्वस्थ होऊ लागले की कोंडमारा होण्यापूर्वीच परत फिरावे. दहा मिनिटांत परतलात तरी तो दिवस वाया गेला असे मानू नये.

एका गोष्टीविषयी मात्र मी कडक बोलणार आहे. ही मुले नकळत निसटून जातात आणि त्यांतील कित्येकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. आपल्या जिल्ह्यात मुळा आणि प्रवरेचे कालवे आहेत, शेततळी आहेत, कठडा नसलेल्या विहिरी आहेत. हाक मारल्यावर हे मूल 'ओ' देईलच असे नाही. म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवण्यासाठी एकच प्रौढ व्यक्ती नेमावी. 'सर्वांनी लक्ष ठेवा' म्हणजे कोणीच ठेवीत नाही. सदऱ्याच्या आत नाव व पालकांचा दूरध्वनी क्रमांक शिवलेला असावा. मूल दिसेनासे झाल्यास प्रथम पाण्याकडे धावावे.

कायद्याविषयी थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याच्या 16 व्या कलमाप्रमाणे, शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी अशा मुलांना शिक्षणाबरोबरच खेळाची व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. सहल त्यातच येते. आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. दोन शिक्षक आणि साठ मुले असल्यावर एका मुलामागे एक माणूस आणावा कोठून? आईस किंवा आजोबांस बरोबर घ्यावे, तालुक्याच्या विशेष शिक्षकाशी आधी बोलावे, आणि वर्गातील मुलांना विश्वासात घ्यावे. मुले पुष्कळदा आपल्यापेक्षा लवकर शिकतात. गोंगाट वाढला की मित्राला हेडफोन आणून देणारी पहिलीतील मुलगी मी पाहिली आहे.

यंदा सहलीचा प्रस्ताव पाठविताना वर्गात असे मूल असल्यास, त्याच्यासोबत कोण राहणार, निवांत जागा कोणती आणि लवकर परतावयाचे झाल्यास वाहन कोणते, हे त्यात लिहावे. मूल येणार नसेल तर ते कोणी ठरविले, तेही लिहावे.