रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

मंचेरियलच्या उत्तरेस, आसिफाबादच्या बाजूला, मलेरी गावाभोवती तांबड्या चिकणमातीचा मुलूख आहे. ह्या मातीत सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे सापडतात. त्यांतील मगरीसारख्या एका प्राण्यास 1885 साली लायडेकर ह्या शास्त्रज्ञाने ‘पॅरासुकस हिस्लॉपी’ असे नाव दिले. हे नाव ज्यांच्या स्मरणार्थ दिले गेले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होत.

हिस्लॉप ह्यांचा जन्म 1817 साली स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. ते प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. ह्या पंथात बिशपाची सत्ता नसून वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे कारभार असतो. 1845 साली ते नागपुरास आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. ते मराठी शिकले व त्यांनी शाळा काढली. जवळच कामठीस मद्रास फौजेची मोठी छावणी होती. कोणत्याही पलटणीवर त्यांची नेमणूक नव्हती; तरी छावणीतील गोऱ्या लोकांची उपासना चालविणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता.

1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. तीन वर्षांनी, जून 1857 मध्ये, टाकळीच्या घोडदळात उठावाचा बेत शिजला. त्याची सूचना एका मुसलमान स्नेह्याने हिस्लॉप ह्यांना आधीच दिली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. बेत फसला आणि घोडदळातील काही अंमलदार फासावर गेले. परक्या राज्यकर्त्यांचा धर्म सांगणाऱ्या ह्या माणसाविषयी त्या स्नेह्यास वाटलेली आपुलकी आणि फासावर गेलेल्यांचे मरण, ह्या दोन्ही गोष्टी त्या वर्षाच्या इतिहासात एकमेकींशेजारीच राहणार.

प्रवासात मात्र त्यांचे लक्ष वाटेवरच्या दगडांकडे व माणसांकडे सारखेच असे. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध 1855 साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. येथील कोळशाच्या थरांचे वय कोणते, ह्या प्रश्नाचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. गोंडांच्या चालीरीती, बोली आणि लिंगोची गाणी त्यांनी टिपून ठेवली.

4 सप्टेंबर 1863 रोजी मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांच्यासमवेत ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना शाळेची तपासणी करण्यासाठी ते मागे राहिले. अंधार पडल्यावर एकटेच घोड्यावरून निघाले असता, बोरीजवळ पाणी चढलेल्या प्रवाहात ते बुडाले. वयाची 46 वर्षे पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते.

त्यांची टिपणे टेंपल ह्यांनी संपादून 1866 साली ग्रंथरूपाने छापली. त्यामुळे ती गोंडी गाणी वाचली. 1883 साली नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. तेथे शिकलेल्यांना ते नाव ठाऊक असते. मलेरीच्या तांबड्या मातीशीही तेच नाव जोडलेले आहे, हे मंचेरियलच्या रहिवाशांनी लक्षात ठेवावे.